पडका वाडा रोखीवाल्यालाच द्यावा लागतो?

पुण्याच्या पेठांत वर्षानुवर्षं ऐकू येतं: वाडा वारसा यादीत, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत, गेला की विकता येत नाही, भिंत खचली असेल तर रोखीवाला, म्हणजे रोख पैसे मोजणारा गिऱ्हाईक, देईल त्या भावात देऊन टाका. हे साफ चूक आहे. यादीतला खासगी वाडा विकता येतो. परवानगी लागते ती पाडायला किंवा बदल करायला, आणि ते बंधन नव्या मालकावरही राहतं. रोखीचं तर फार जपा! जून २०१५पासून घरविक्रीपोटी २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्या तुम्हालाच होऊ शकतो. वाडा पडका म्हणून भावही पाडू नका: माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळत असलं तरी सागवानी तुळया, कोरीव खांब अनेकदा शाबूत असतात. वाळवीने पोखरलेलं एक टोक बघून आख्खी तुळई मोडीत काढू नका. सौद्याआधी जाणकाराला दाखवा.