गाईंवरचा आळ आणि एक ससा

1993च्या मार्चअखेर अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जुलाबाची साथ उसळली. मिशिगन सरोवराचं पाणी शुद्ध करणाऱ्या दोन केंद्रांपैकी दक्षिणेकडच्या केंद्रातून पाणी गढूळ सुटत होतं. सुमारे 4 लाख 3 हजार माणसं आजारी पडली. जी दगावली त्यांत एड्सचे रुग्ण सर्वाधिक होते. त्याच दिवसांत नळाच्या पाण्यापासून बनवलेल्या बर्फाच्या लाद्या वितळवून तपासल्या, तेव्हा त्यांत क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी निघाला. जाड कवचातला, जेमतेम 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हा जीव नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही.

संशय गेला तो गाईगुरांवर, आणि तो अगदी अनाठायी नव्हता. हा परजीवी वासरांच्या हगवणीतला म्हणून ओळखीचा होता. माणसातली पहिली नोंद 1976ची, तीही शेतावर राहणाऱ्या तीन वर्षांच्या मुलीची. मिलवॉकीच्या आसपास दुभत्या जनावरांची कुरणं, शहरात कत्तलखाने. पण खरी अडचण सूक्ष्मदर्शकाखाली होती. रंग चढवलेल्या काचपट्टीवर दिसतात ते गुलाबी-लाल गोल ठिपके. वासराच्या शेणातले आणि माणसाच्या विष्ठेतले ठिपके शेजारी ठेवले, तरी मुरलेल्या तंत्रज्ञालाही फरक सांगता येत नाही.

तो फरक जनुकांत होता. काही रुग्णांचे मोजकेच नमुने जपून ठेवलेले होते. पुढे पीसीआर या, डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने त्यांतला डीएनए वाचला, तेव्हा तो गुरांतला प्रकार निघालाच नाही. मुख्यतः माणसांत वाढणारा निघाला. 2002 साली त्याला क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस हे स्वतंत्र नाव मिळालं. बोट आता सांडपाण्याकडे वळलं. कुरणांना कितीही कुंपणं घातली असती, तरी ही वाट बंद झाली नसती. ते चार-दोन नमुने कुणी फेकून दिले असते, तर गुरांवरचा आळ आजही तसाच राहिला असता, याची मला राहून राहून जाणीव होते.

उलट प्रकार 2008च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरला घडला. पिट्सफर्डच्या जलशुद्धीकरण केंद्रात, शुद्ध झालेल्या पाण्याच्या टाकीत, एक ससा मरून पडलेला सापडला. त्याच्या आतड्यातला परजीवी, पाण्यातला आणि रुग्णांच्या विष्ठेतला, तिन्ही जनुकीय चाचणीत जुळले. प्रयोगशाळेत पक्के ठरलेले रुग्ण विसेकच होते. हा प्रकार सशांचा, क्रिप्टोस्पोरिडियम क्युनिक्युलस. त्याने माणसांत साथ येऊ शकते हे तोवर कुणी फारसं धरून चालत नव्हतं.