सुटल्यावरचा पहिला महिना आणि आठवं वर्ष

कैद्याच्या पायात जीपीएसचा पट्टा घालायची कल्पना बहुतेकांना ऐकताक्षणीच पटते. केंद्र सरकारने 2023 मध्ये राज्यांसाठी कारागृहांचा आदर्श कायदा तयार केला. असा पट्टा घालायला तयार असलेल्या कैद्याला रजा देण्याची सोय त्यात आहे. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर पोलिसांनी जामिनावरच्या एका आरोपीच्या पायात पट्टा घातलाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना हा विषय काढून बघा. "घाला की पट्टा, आणि रोज ठाण्यात हजेरी लावा," हे उत्तर मिळणारच. पुढे जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनासाठी गूगल मॅपवर सतत ठावठिकाणा दाखवण्याची अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवली. तो मुद्दा कायद्याचा झाला. माझा मुद्दा गणिताचा आहे.

नजर कडक केली की गुन्हे कमी होतात, हा समज अमेरिकेत तपासून झाला आहे. रँड या संस्थेच्या जोन पीटरसिलिया आणि सुझन टर्नर यांनी 9 राज्यांत 14 ठिकाणी प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. शिक्षा झालेली, पण तुरुंगाबाहेर देखरेखीखाली असलेली माणसं घेऊन, जणू चिठ्ठ्या टाकून, त्यांचे दोन गट केले. एकावर नेहमीची देखरेख, दुसऱ्यावर कडक: वारंवार भेटी, वारंवार लघवीची तपासणी. वर्षभरात नव्या गुन्ह्यासाठी अटक झाली ती कडक गटात सुमारे 37 टक्के लोकांना आणि नेहमीच्या गटात 33 टक्के लोकांना. म्हणजे फायदा शून्य. फरक पडला तो नियमभंगात. भेट चुकली, परवानगी न घेता पत्ता बदलला, तपासणीत नशेचा अंश सापडला, अशा गोष्टी कडक गटात 65 टक्के लोकांच्या नावावर लागल्या, दुसऱ्या गटात 38 टक्के. त्यापायी कडक गटातले जास्त लोक पुन्हा आत गेले. आणि नजरेबरोबर ज्यांना व्यसनमुक्तीची, कामधंद्याची मदत मिळाली, त्यांच्यात पुन्हा अटक होण्याचं प्रमाण कमी राहिलं.

आपल्याकडे पॅरोल आणि फर्लो, म्हणजे अभिवचन रजा आणि संचित रजा, या रजाच असतात. दिवस संपले की माणूस परत कळंब्याला किंवा येरवड्याला हजर होतो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढणं. त्याच्या जवळचं आपल्याकडे काय, तर अटींवर मुदतपूर्व सुटका आणि 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली, म्हणजे तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर (प्रोबेशनवर), मिळणारी सोडवणूक. पण हजेरीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच. सोमवारी सकाळी दहाला ठाण्यात यायचं असेल, तर सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालाचा किंवा ऊसतोडीच्या टोळीतल्या गड्याचा तो दिवस बुडाला. असे चार सोमवार गेले की मुकादम दुसरा माणूस बघतो.

आता माझ्या आवडीच्या आलेखाकडे येतो. सुटलेल्या माणसांचा एक मोठा गट घ्या आणि दर महिन्याला एकच प्रश्न विचारा: या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत जे सरळ राहिले, त्यांतले किती टक्के या महिन्यात पुन्हा पकडले गेले? याला धोक्याचा दर म्हणू. बहुतेक अभ्यासांत हा दर सुरुवातीला उंच असतो, मग भराभर उतरतो आणि पुढे जवळजवळ आडवा होतो.

उतार का पडतो? सरळ उत्तर म्हणजे माणसं सुधारतात. पण माणसं अजिबात सुधारली नाहीत तरीही हा आलेख उतरतो!

समजा 100 जण सुटले. त्यांतल्या 30 जणांचा घसरण्याचा, म्हणजे पुन्हा पकडले जाण्याचा, दर महिन्याला 20 टक्के आहे, उरलेल्या 70 जणांचा 1 टक्का. कोणाचाही दर कधीच बदलत नाही असं धरा. पहिल्या महिन्यात 30 पैकी 6 घसरतील आणि 70 पैकी सरासरी 0.7, एकूण 6.7 टक्के. वर्षभर हेच चालू द्या. 30 ला बारा वेळा 0.8 ने गुणलं की 2 उरतात, 70 ला बारा वेळा 0.99 ने गुणलं की 62. तेराव्या महिन्याच्या सुरुवातीला 64 जण सरळ आहेत आणि त्यांच्यातले 2 धोक्याचे. आता एकूण दर निघतो 1.6 टक्के. 6.7 वरून 1.6 वर आला, आणि एकही माणूस काडीनेही बदललेला नाही. झालंय ते फक्त चाळण्याचं काम: काळ ही चाळणी, ज्यांना पडायचं होतं ते आधी पडले.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडतात. चाळणीही होते आणि वय, लग्न, टिकलेली नोकरी यांनी माणूसही बदलतो. दोहोंचा वाटा वेगळा काढायला प्रत्येक माणसाचा दर वेगळा धरून त्या दरांचं वाटप कसं असेल याचं गृहीतक करावं लागतं, आणि गृहीतक बदललं की वाटेही बदलतात. संख्याशास्त्रज्ञांची भांडणं तिथेच चालतात, आपण नको जायला. आपल्या कामाचं एवढंच की कारण कुठलंही असो, सुरुवातीला धोक्याचा वाटा 100 त 30 होता, तो वर्षाने 64 त 2 झाला. सरळ गेलेला प्रत्येक महिना त्या माणसाविषयी माहिती देत असतो, आणि ती माहिती फुकट मिळते.

म्हणून जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याने आपले तास सगळ्या महिन्यांत समान वाटणं चूक आहे. ते पहिल्या काही महिन्यांत ओतायला हवेत. त्यातही पहिले दोन आठवडे फार वाईट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या 30,237 कैद्यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर लोकांच्या 12.7 पट निघाला. सर्वांत मोठं कारण अमली पदार्थांचा अतिडोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. या पंधरवड्यात डॉक्टर, आधार कार्ड, रेशन आणि झोपायला छप्पर लागतं. पट्टा यातलं काहीच देत नाही.

कोण घसरेल हे आधीच ओळखता येईल का? पत्रिकेत बंधनयोग, म्हणजे तुरुंगवासाचा योग, शोधणारे ज्योतिषी आपल्याकडे आहेतच. एकोणिसाव्या शतकात लोंब्रोझो नावाचा इटालियन डॉक्टर कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखत होता, आणि इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. आता तेच काम कृत्रिम बुद्धिमत्ता करील म्हणून गाजावाजा चाललाय. कॉम्पास नावाचं अमेरिकन सॉफ्टवेअर माणसाची 137 पर्यंत वैशिष्ट्यं बघून तो पुन्हा गुन्हा करील का याचं भाकीत करतं. 2018 मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की वय आणि आधीच्या शिक्षांची संख्या या दोनच आकड्यांवरून तेवढंच अचूक भाकीत करता येतं, सुमारे 65 टक्के. तीनातला एक चुकणार. कुंडलीपेक्षा बरं, इतकंच म्हणेन.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने, तिथे कैद्यांना बिनभिंतीच्या वसाहतीत शेती करायला ठेवलं. आज ती राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत आहे आणि कैदी तिथे बायकामुलांसह राहतात. मला ही कल्पना मनापासून आवडते, कारण सुटण्याआधीच घर आणि काम जुळलेलं असतं, पहिल्या महिन्याचा उंच भाग आधीच कापला जातो. पण तिथे चांगल्या वर्तणुकीचे कैदी निवडून पाठवतात, म्हणजे चाळणी दारातच लागलेली. तिथल्या यशाचं सगळं श्रेय मोकळ्या रानाला देता येणार नाही.

आलेखाचं दुसरं टोकही बघायला हवं. आल्फ्रेड ब्लमस्टाइन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी 2009 मध्ये विचारलं की अटक झालेल्या तरुणाचा धोका त्याच वयाच्या सामान्य लोकांइतका कधी होतो? न्यूयॉर्क राज्यात 1980 साली पहिली अटक झालेल्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. 18 व्या वर्षी जबरी चोरीत पकडलेल्याचा धोका 7.7 वर्षांनी त्या पातळीला आला, घरफोडीवाल्याचा 3.8 वर्षांनी. हे आकडे न्यूयॉर्कचे आहेत, साताऱ्याला तसेच्या तसे लावू नयेत. पण आलेख कुठेतरी आडवा होतो, हे इथेही मोजून बघता येईल.

कुपवाड एमआयडीसीत वॉचमनची नोकरी मागायला गेलेल्याकडे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, तर तो दाखला हा आलेख बघत नाही. 1958 च्या कायद्याच्या कलम 12 ने परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 24 मध्ये मुलांच्या नोंदी ठराविक काळाने नष्ट करायची तरतूद आहे. पूर्ण शिक्षा भोगून आलेल्या प्रौढासाठी तशी सर्वसाधारण मुदत आपल्या कायद्यात नाही, मग त्याचं सरळ गेलेलं आठवं वर्ष चालू असो की विसावं.