पिन बॉक्समध्ये हवा कुठून आली

फिफ्थ व्हील ट्रेलर म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडून ओढायचं फिरतं घर. ते घेतल्यावर पहिल्याच लांब पल्ल्यात एक गोष्ट लक्षात येते. रस्त्याचा प्रत्येक सांधा ड्रायव्हरच्या पाठीत वाजतो. लुइझियानातल्या अॅचाफलाया दलदलीवरचा 18 मैलांचा पूल एकदा पार केला की उत्तर अमेरिकेतला मालक एअरबॅगचा पिन बॉक्स, म्हणजे जोडणीची पिन धरणारी, हवेचा बलून असलेली ट्रेलरच्या नाकावरची पेटी, शोधायला लागतो. दुकानात त्याला असं भासवलं जातं, की हवेची गादी ही अलीकडची सुधारणा आहे. खरं तर घर ओढणाऱ्या या जोडणीची सुरुवातच हवेने झाली होती.

नाव त्याहून जुनं. चार चाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं लोखंडी कडं बसवत. चार चाकं जमिनीवर आणि हे पाचवं आडवं, म्हणून फिफ्थ व्हील. मुंबईतल्या व्हिक्टोरियाही याच तऱ्हेने वळत. पुढे ट्रॅक्टर-ट्रेलरच्या जोडणीने ते नाव उचललं. न्हावाशेव्याच्या वाटेवर कंटेनर ओढणाऱ्या गाड्यांच्या पाठीवर ग्रीस माखलेली तबकडी असते, ती हीच.

1920 च्या दशकाच्या अखेरीस विमानं बनवणाऱ्या एका संशोधकाने फ्लोरिडात मोटारीमागे ओढायचं घर तयार केलं. लाकडी सांगाडा, त्याला विमानासारखे तिरपे ताणलेले तारांचे आधार. जोडणीसाठी त्याने मोटारीच्या मागच्या भागात विमानाचं चाक टायरसकट आडवं ठेवलं आणि ट्रेलरची पिन त्याच्या मधोमध उतरवली. धक्के टायरमधली हवा खायची. ते घर महाग होतं, शिवाय मंदी आली. ती जोडणी मागे पडली.

पिकअपच्या हौद्यात फिफ्थ व्हील परत आलं ते साठ-सत्तरच्या दशकात. तेव्हा नमुना घेतला मालट्रकचा: दोन इंची लोखंडी पिन आणि तिला धरणारा लोखंडी जबडा. ट्रकखाली त्या काळी जाड पाटे होते, ट्रेलर हलके होते, त्यामुळे कुणी फारशी कुरकुर केली नाही. पुढे ट्रेलर लांबले, भिंती बाहेर सरकायला लागल्या, वजन 14,000 पौंडांच्या वर गेलं. पिनवर साधारण 20 टक्के भार येतो, म्हणजे 2,800 पौंड, जवळपास पावणेतेराशे किलो. तो कमीही करता येत नाही. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं कारण सांगायला नको.

‘एअर राइड’ या शब्दाचा गुंता इथेच सुरू होतो. मोठ्या मालट्रकचा एअर राइड म्हणजे आसाजवळचे बलून, आपल्याकडच्या एअर सस्पेंशनच्या बसखाली दिसतात तसले काळे रबरी. पिकअपच्या हौद्यात बसणाऱ्या काही हिचनाही, म्हणजे जबडा असलेल्या जोडण्यांनाही, एअर राइड म्हणतात. त्यांत बलून जबड्याखाली असतो. ट्रेलरच्या नाकावर बोल्टने आवळलेल्या पिन बॉक्समध्ये बलून असला, तर तोही एअर राइड. भरीला 2014 पासून एका अमेरिकन कंपनीच्या जड पिकअपना मागे हवेचं सस्पेंशन पर्याय म्हणून मिळू लागलं. चार वेगळ्या जागा आणि नाव मात्र एकच. मग कुणी विचारतो, ‘माझ्या ट्रकला एअर आहे, आता बॉक्स कशाला?’, आणि उत्तर देणारा तिसऱ्याच बलूनबद्दल बोलत असतो.

त्यातही मूळ प्रश्न बाजूला पडतो: झटका उभा आहे की आडवा? उभा म्हणजे ट्रकचं ढुंगण वर-खाली होणं. आडवा म्हणजे ट्रेलरने मागून ढकलावं आणि लगेच मागे खेचावं तसा हिसका. तिकडे त्याला चकिंग म्हणतात. बलून मुख्यतः उभा झटका पितो. आडव्यासाठी रबराचे ठोकळे किंवा मागेपुढे झुलणारी भुजा लागते, आणि सगळ्यात आधी पिन आणि जबडा यांमधली ढिलाई काढावी लागते. काही बॉक्समध्ये रबर आणि हवा दोन्ही असतात. माझं मत विचाराल तर नुसत्या बलूनवर पैसे घालू नयेत, सोबत शॉक अॅब्सॉर्बर हवाच. बलून दाबला की तितक्याच जोराने उसळतो, ती उसळी जिरवायचं काम शॉकचं.

खरा वाद पेटला तो वॉरंटीवरून. हौद्यातली अवजड हिच नको म्हणून अनेकांनी पिनला खाली लांब नळी जोडली आणि ती थेट हौद्याच्या तळातल्या गोळ्यावर बसवली, गूजनेकसारखी, म्हणजे हंसाच्या मानेसारख्या वाकलेल्या, गोळ्यावर बसणाऱ्या जोडणीसारखी. ओढ लागते खाली आणि फ्रेम असते वर. मधलं अंतर वाढलं की फ्रेमवरचा पीळही वाढतो. ट्रेलरच्या फ्रेम बनवणाऱ्यांनी अशा नळ्यांना वॉरंटी नाकारली. मालक म्हणाले, वेल्डिंग तुमचं कच्चं आणि खापर आमच्या नळीवर. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पुढे बलून आणि शॉक असलेल्या, अख्खा पिन बॉक्सच बदलणाऱ्या एका गूजनेक रचनेला फ्रेमवाल्यांची मान्यता मिळाली. त्या मान्यतेचा अर्थ मात्र विक्रेत्यांनी पार ताणला. एका बॉक्सला मिळालेला होकार सगळ्या हवेच्या बॉक्सना लागू असल्यासारखं सांगितलं गेलं. लेखी पत्र मागितलं की बोलणं बदलायचं.

 

निवडताना आजही घोळ होतो तो स्टिकरवरच्या आकड्यांत. एक आकडा ट्रेलरच्या एकूण वजनाचा, दुसरा पिनवरच्या भाराचा. ‘जास्त क्षमतेचा घेतला म्हणजे जास्त सुरक्षित’ हे गणित रबराच्या बॉक्समध्ये अंगाशी येतं, कारण हलक्या भाराखाली ते रबर दबतच नाही. हवेची जमेची बाजू इथे: एकच बलून भाराप्रमाणे कमी-जास्त भरता येतो. पण भरायचा कधी, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. ट्रेलर जोडायचा, तो उभा ठेवणारे त्याचे पुढचे पाय उचलायचे, सगळा भार हिचवर येऊ द्यायचा आणि मगच बॉक्सची भुजा आखलेल्या खुणेपर्यंत येईतो हवा मारायची. आमच्या बॉक्समध्ये आम्ही ट्रेलरचे पाय टेकलेले असतानाच हवा भरली होती. मीटरवर आकडा छान दिसत होता. गाडी निघाली तेव्हा भुजा खालच्या रबरी अडणीवर टेकलेली होती, आणि दोनशे मैल आम्ही साधा लोखंडी बॉक्सच ओढत होतो.