वाढीव बांधकामातील जोडलेले स्मोक अलार्म

एका घरातले सगळे स्मोक अलार्म एकमेकांशी जोडून, एक वाजताच बाकीचेही वाजतील अशी केलेली व्यवस्था. अमेरिकेत राहत्या घराला नवी बेडरूम, मजला किंवा राहण्याजोगे तळघर जोडताना (तिथल्या बोलीत ‘ॲडिशन’) बांधकामाच्या परवान्याबरोबरच ही अट येते.

नियमाचा मुख्य आधार इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे घरबांधणीचा नमुना नियमसंग्रह; त्यातला स्मोक अलार्मचा विभाग (2009 ते 2021 च्या आवृत्त्यांत आर-314). कोडची पहिली आवृत्ती 2000 सालची. नावात ‘इंटरनॅशनल’ असले तरी तो प्रामुख्याने अमेरिकेतच चालतो. राज्ये आणि शहरे त्याची हवी ती आवृत्ती, हव्या त्या दुरुस्त्यांसह स्वीकारतात. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राला लागू झालेला नियम आपल्यालाही लागू होईलच असे नाही. स्थानिक बांधकाम कार्यालय काय म्हणते ते आधी विचारावे. वायरिंगसाठी नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, तर अलार्मच्या जागांसाठी एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे 72 क्रमांकाचे मानकही पाहिले जाते.

अलार्म प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमच्या दारांबाहेर जवळच आणि तळघर धरून प्रत्येक मजल्यावर लागतो. नव्या खोलीपुरता एक अलार्म लावला की झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात परवाना लागणारी ॲडिशन काढली की आख्ख्या घरात नव्या घरासारखे अलार्म असावेत, असे कोड म्हणतो. छत बदलणे किंवा डेक बांधणे अशा बाहेरच्या कामांना यातून सूट आहे.

यामागचे कारण घरांच्या बांधणीत आणि आवाजाच्या गणितात सापडते. आपल्याकडच्या विटा-सिमेंटच्या घरांसारखी ही घरे नसतात. लाकडी चौकट, तिच्यावर जिप्सम बोर्ड, अशी त्यांची रचना असते, म्हणून आगीची सूचना लवकर मिळावी लागते. अलार्मचा आवाज 10 फुटांवर 85 डेसिबल धरलेला असतो, पण तळघरात वाजणारा अलार्म वरच्या मजल्यावर, बंद दारामागे झोपलेल्या माणसाला जागे करीलच असे नाही. म्हणून आवाज खोलीतच निघाला पाहिजे.

वायरिंग वरवर सोपे आहे. अलार्मला घराच्या 120 व्होल्टच्या वायरिंगमधून वीज आणि जोडीला बॅटरी लागते. वाटेत ही वीज बंद करणारे बटण चालत नाही. अलार्म ते अलार्म तीन तारांची केबल ओढतात: काळी फेज, पांढरी न्यूट्रल, लाल निरोपाची, आणि शिवाय उघडी अर्थिंगची तार. 15 ॲम्पिअरच्या सर्किटला 14 गेजची तार पुरते (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड). सर्किट 20 ॲम्पिअरचे असेल तर 12 गेजच हवी. सारी करामत लाल तारेत आहे. एका अलार्मला धूर लागला की तो तिच्यावर कमी दाबाचा संकेत सोडतो आणि बाकीचे अलार्म वाजू लागतात. हा संकेत न्यूट्रलच्या आधाराने मोजला जात असल्याने सगळे अलार्म एकाच सर्किटवर घ्यावेत, अशी उत्पादकांची सूचना असते. ॲडिशनला नवे सर्किट दिले आणि जुन्या घरातली लाल तार आणून त्यात जोडली, की घोळ इथेच होतो.

बेडरूमच्या सर्किटला ठिणगी ओळखून वीज तोडणारा एएफसीआय ब्रेकर लागतो आणि अलार्मही त्यातून सुटत नाहीत. अलार्मसाठी स्वतंत्र सर्किट ठेवावे की ते दिव्यांच्या सर्किटवर घ्यावेत, यावर इलेक्ट्रिशियनांमध्ये जुना वाद आहे. दिव्यांची बाजू जास्त पटते: ब्रेकर पडला तर अंधार होतो आणि त्याच क्षणी कळते, स्वतंत्र सर्किट गुपचूप बंद पडून राहू शकते.

खरा त्रास जुन्या भागात होतो. नव्या खोलीच्या भिंती उघड्या असतात, केबल तासाभरात ओढून होते. जुन्या सिलिंगमधून ती नेताना रंगकाम, बोर्ड, सगळेच फुटते. ते टाळायला कोडमध्ये दोन वाटा आहेत. प्रमाणित बिनतारी अलार्म चालतात. वायर आणि रेडिओ दोन्ही असलेला एखादा अलार्म मध्ये दुव्यासारखा बसवून नवा तारेचा गट जुन्या बिनतारी गटाला जोडता येतो. शिवाय जुन्या भागात बॅटरीवरचे अलार्म चालवून घेतले जातात. आतली भिंत वा सिलिंग उघडलेच नसेल तर जोडणीचीही सूट काही आवृत्त्यांत आहे. मात्र माळा किंवा तळघरातून केबल नेता येत असेल तर ही सूट उरत नाही, असेही त्यातल्या काही म्हणतात.

दोन कंपन्यांचे अलार्म एकाच लाल तारेवर जोडू नयेत. ते एकमेकांचे ऐकतील याची खात्री नसते. उत्पादनाच्या तारखेपासून 10 वर्षांनी अलार्म बदलायचा असतो आणि ती तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. त्यामुळे ॲडिशनच्या वेळी जुने सगळे काढून एकाच जातीचे लावणे बहुधा कमी कटकटीचे ठरते. न्हाणीघराच्या दारापासून किमान 3 फूट अंतर ठेवतात, नाहीतर गरम पाण्याच्या वाफेने अलार्म वाजतो.

तपासणी दोनदा होते. पहिली बोर्ड लावण्यापूर्वी, केबल आणि तारांच्या जोडणीचे डबे दिसत असताना. शेवटच्या वेळी इन्स्पेक्टर नव्या खोलीतल्या अलार्मचे बटण दाबतो आणि तळघरातला वाजला का, हे कान देऊन ऐकतो.