शेतकऱ्याच्या पाठीवर बसलेले ते दोघे

‘फ्रान्समध्ये सरदार आणि पाद्री शेतकऱ्याच्या पाठीवर बसून फिरत, हे त्या काळचं चित्र पाहा,’ असा मजकूर जोडून एक जुनं चित्र फिरतं. चित्र खरोखर 1789 चं आहे. पण तो डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग नाही, ते छापील व्यंगचित्र आहे.

गैरसमज होणं साहजिक आहे. वाकलेला म्हातारा, हातात कुदळ, चेहऱ्यावर थकवा. बघताना पोटात तुटतं. आता चित्र मोठं करून बघा. कुदळीच्या दांड्यावर ‘अश्रूंनी भिजलेली’ आणि सरदाराच्या तलवारीवर ‘रक्ताने लाल’ अशी अक्षरं आहेत. खऱ्या अवजारावर असं कोण लिहील? खाली ओळ आहे : हा खेळ लवकर संपेल अशी आशा. शिवाय याच चित्राचं जोडचित्रही निघालं, त्यात शेतकरी सरदाराच्या पाठीवर बसलाय. पहिलं शब्दशः खरं मानलं, तर दुसरंही मानावं लागेल.

मग ओझं कसलं? म्हाताऱ्याच्या खिशातल्या कागदांवर करांची नावं आहेत. कापणी झाली की चर्चचा दशांश जायचा, पुष्कळदा शेतातूनच पेंढ्या मोजून. वर राजाचे कर, मिठावरचा कर आणि वेठबिगार. पायाशी ससे आणि पक्षी पीक खाताना दिसतात, तेही उगाच नाही. शिकारीचा हक्क सरदारांचा, त्यामुळे डोळ्यांदेखत पीक फस्त होत असलं तरी शेतकऱ्याला ससा मारता येत नसे. हा हक्क 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री रद्द करायचं ठरलं.