ब्रिटिश शिपाई चार वर्षं खंदकातच होता का?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पायदळ सलग चार वर्षं आघाडीच्या खंदकात होतं, हा समज चुकीचा आहे. बटालियनची, म्हणजे पायदळाच्या तुकडीची, पाळी असे: साधारण चार ते आठ दिवस पुढे, मग मागच्या खंदकांच्या रांगेत, मग राखीव किंवा गावात. मोठ्या लढाईत हे कोलमडे.

पुढे असताना पहाटे आणि सांजेला सगळे संगीन लावून सज्ज राहत. मग रायफलींची तपासणी. थंडी आणि ओलीने पायांचा रक्तपुरवठा घटून ते सडत. म्हणून रोज पाय कोरडे करून देवमाशाचं तेल चोळणं, मोजे बदलणं सक्तीचं, देखरेख अधिकाऱ्याची.

मागे आल्यावरही आराम थोडाच. काटेरी तार, फळ्या, दारूगोळा, पाणी हे सगळं रात्रीच्या अंधारात, चिखलातून, खांद्यावरून पुढे न्यावं लागे, आणि तोफांचा मारा त्या वाटांवरही होई.