वडिलांचे कर्ज आणि वारसाची मिळकत: पार्श्वभूमी

मृत्युपत्रात जमीन लिहून देता येते, तिच्यावरचे देणे मात्र लिहून पुसता येत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आधी देणी भागवायची आणि मग उरेल ते वाटायचे, असाच क्रम आहे. म्हणून सातबाऱ्यावर वारस नोंद झाली, तरी ‘इतर हक्क’ रकान्यातला कर्जाचा बोजा जागेवर राहतो.

वडिलांचे कर्ज मुलाने कुठवर फेडायचे, हा वाद फार जुना आहे. हिंदू धर्मशास्त्रात ते पुत्राचे धर्मकर्तव्यच होते. जुगारापायी, दारूपायी केलेले ऋण तेवढे वगळलेले. मुंबई इलाख्यात तर वारशात काहीच न मिळालेला मुलगाही त्यात अडके. १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी हाती आलेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. सातारा जिल्हा त्यात होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा तेव्हा साताऱ्यातच. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी, म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या निकालासाठी, शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद झाले. सांगली, मिरज, जत ही संस्थाने असल्याने तिथला कारभार निराळा.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला. खरा गुंता झाला तो त्याच कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने. त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरपासून केवळ धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वसुली करता येत नाही. हा बदल न्याय्यच होता. पण त्याआधी घेतलेल्या कर्जांना जुनाच नियम ठेवला, आणि आपल्याकडे शेतीकर्जाचे दर मार्चला नवे-जुने होते, म्हणजे जुने खाते मिटवून तेच कर्ज नव्या कागदांवर घेतले जाते. मूळ उचल २००४ ची आणि नवे-जुने २००६ चे असेल, तर तारीख कोणती धरायची? प्रत्येक वेळचे कागद वाचल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही.

शिवाय ‘आता वडिलांचे कर्ज मुलाला लागत नाही’ हा गावोगावी पसरलेला समज अर्धाच खरा आहे. वारसाचा पगार, त्याने स्वतः कमावलेले घर सुरक्षित आहे. वडिलांकडून आलेली जमीन मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे देण्याला बांधलेलीच राहते. हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, बारा वर्षांपर्यंत दाखल करता येते. पतसंस्थांना आणि विकास सोसायट्यांना तर दिवाणी दावाही लावावा लागत नाही. १९६० च्या सहकारी कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर थेट जप्ती येते. वडील दुसऱ्याला जामीन राहिले असतील, तर मृत्यूपूर्वीच्या उचलीपुरती त्यांची मिळकतही त्यात येते.

वारसांचे सर्वांत मोठे नुकसान होते ते सहीने. तेरावे उरकते न उरकते तोच खाते चालू ठेवण्यासाठी मुलाच्या नावाने नवे कागद पुढे येतात. त्यांवर सही झाली की वारशापुरते असलेले देणे त्याचे स्वतःचे होते, आणि मग त्याचे स्वतःचे घरही जप्तीच्या कक्षेत येते.